अंगणात वर आलेली मुळं

शाळेत झाडाचं चित्र काढताना आपण जमिनीच्या रेषेखाली मुळंही काढायचो. वर जेवढं झाड, साधारण तेवढंच मूळ खाली, सरळ पाताळाकडे निघालेलं. ते चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे, की अंगणातल्या लिंबाचं एखादं मूळ फरशी उचलून वर आलं की आपल्याला वाटतं, या झाडाचं काहीतरी बिघडलं. मूळ खाली जायचं, ते वर कसं आलं?

खरी गोष्ट अशी, की ते फारसं खाली गेलेलंच नसतं. मोठ्या झाडांची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात. पाणी आणि क्षार शोषणारी बारीक मुळं तर वरच्या वीत-दीड वीत मातीतच जास्त सापडतात. रोप लहान असताना सोटमूळ खाली उतरतं. पण झाड वाढू लागलं की आडव्या मुळांचं काम वाढतं आणि ती चहूबाजूंनी पसरतात. फांद्यांची सावली जिथं संपते तिथं मुळं संपत नाहीत. मोकळी जागा मिळाली तर ती त्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जातात. म्हणजे तुमच्या दारातल्या झाडाची मुळं शेजाऱ्याच्या परसात आणि गल्लीच्या रस्त्याखालीही असतात. जमिनीखाली घोंगडी अंथरावी, तसा हा पसारा असतो.

ही मुळं वर का राहतात? त्यांना श्वास घ्यायचा असतो. मूळ स्वतः अन्न तयार करत नाही. पानांनी तयार केलेली साखर खाली येते, ती वापरून ते जगतं आणि त्यासाठी त्याला प्राणवायू लागतो. ही हवा मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत असते. माती भुसभुशीत असेल तर हवा खोलवर जाते, तिच्यामागे मूळही जातं. माती घट्ट असेल, पाण्यानं भरलेली असेल, तर मूळ वरच्या थरातच मुक्काम करतं.

आता आपल्या खानदेशातली माती बघा. पिंप्राळा हे एके काळचं गाव आज जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. जिथं कापूस आणि ज्वारी होती, तिथं प्लॉट पडले आणि घरं झाली. घरं बदलली, खालची माती बदलली नाही. काळ्या पाषाणापासून झालेली ही काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ह्याच कारणानं. पावसाळ्यात हिच्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि हवा बाहेर पडते. उन्हाळ्यात भेगा पडताना बारीक मुळं तटातट तुटतात. त्यात घर बांधताना विटांचे आणि वाळूचे ट्रक अंगणातून फिरलेले असतात, वर मुरूम टाकून तो धुमसानं ठोकलेला असतो. अशा जमिनीत खोल जाण्याची मुळाला सोयच उरत नाही.

मग आपण त्यावर सिमेंटचा कोबा करतो किंवा पेव्हर ब्लॉक बसवतो. सिमेंटखालची माती उन्हात तेवढी सुकत नाही, कोब्याच्या पोटाशी ओल धरून राहते, आणि माती आक्रसली की कोबा व माती यांच्यामध्ये बारीकशी फट पडते. ओल आहे आणि थोडी हवाही आहे, मुळाला आणखी काय हवं? ते नेमकं तिथं शिरतं. शिरतं तेव्हा सुतळीएवढं असतं. पण मूळसुद्धा खोडासारखंच वर्षागणिक जाड होतं, ही गोष्ट आपण विसरतो. बोटाएवढं मूळ मनगटाएवढं झालं की कोबा उचलला जाणारच. मूळ हलून वर आलेलं नसतं, होतं त्या जागीच ते जाड झालेलं असतं.

पाणी घालण्याची आपली पद्धतही याला हातभार लावते. आमच्याकडे वजूचं पाणी झाडाला जातं, शेजारी पूजेचं आणि तांदूळ धुतल्याचं जातं. भावना चांगलीच आहे. पण रोज तांब्याभर पाणी बुंध्याशी पडलं की वरची दोन बोटं माती भिजते आणि मुळं तिथंच गोळा होतात. ठिबक सिंचनाच्या या जिल्ह्यात घरोघरी नळी आली आहे, ती चांगलीच गोष्ट झाली. पण रोप लावताना बुंध्याशी घातलेलं नळीचं वेटोळं झाड पंधरा वर्षांचं झालं तरी तिथंच असतं. ते फांद्यांच्या घेराखाली सरकवायला हवं. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा, पण हातभर खोल ओल जाईल इतकं पाणी द्यावं.

आमच्या गल्लीत गेल्या वर्षी या मुळांवरून बराच वाद झाला. एका निवृत्त गुरुजींच्या अंगणात जुना लिंब आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं अंगणभर कोबा केला, थेट बुंध्याला भिडवून. फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर एका मुळानं तो उचलला आणि त्याला अडखळून मावशी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं हाड मोडणं ही लहान गोष्ट नव्हे. मुलगा साहजिकच संतापला. गवंड्यानं सांगितलं, “दोन तासांचं काम आहे, मूळ तोडू, नवा कोबा करू.” दुसऱ्या कुणी सुचवलं, मुळं तोडत बसण्यापेक्षा झाडच काढा.

गुरुजींनी मला हाक मारली. म्हणाले, “भाई, तुम्ही झाडांवर कविता करता, आता या झाडाचं काय करायचं तेही सांगा.” मी कवितेचं सांगितलं नाही. घरातून सुतळीचा गुंडा घेऊन गेलो.

ही सुतळीची रीत सोपी आहे, म्हणून नीट सांगतो. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, खोडाभोवती सुतळी गुंडाळायची आणि एका वेढ्याएवढी कापायची. ही झाली खोडाच्या घेराएवढी सुतळी. घेर हा व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, हे आपण भूमितीत शिकलो आहोत. झाडांचे जाणकार सांगतात, की खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आतलं जाड मूळ तोडणं म्हणजे झाडाचा पाय तोडणं. तेव्हा ती सुतळी बुंध्यापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर सरळ ठेवायची. एका सुतळीच्या आतल्या कोणत्याही मुळाला हात लावायचा नाही. एक ते दोन सुतळ्यांच्या दरम्यान दोन इंचांपेक्षा बारीक असलेलं एखाद-दुसरं मूळ तोडता येतं, तेही एकाच बाजूचं. दोन सुतळ्यांच्या पलीकडे झाडाला धोका बराच कमी.

गुरुजींच्या लिंबाचा घेर भरला सहा फूट. मावशी ज्या मुळाला अडखळल्या, ते वाटेवर बुंध्यापासून चार फुटांवर होतं आणि मनगटापेक्षा जाड. शिवाय ते पश्चिमेच्या, मोकळ्या मैदानाच्या बाजूला. पावसाळ्यात वारा मुख्यतः तिकडूनच येतो. झाडावर वारा आदळतो तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूची मुळं तंबूच्या दोरासारखी ताणली जातात आणि झाडाला धरून ठेवतात. तो दोर कापायचा आणि वर नवा, गुळगुळीत कोबा करायचा, म्हणजे घराशेजारी एक जड वस्तू नुसती टेकवून ठेवायची.

झाड उन्मळून पडणं काय असतं, ते अकोला जिल्ह्यात दिसलं. बाळापूर तालुक्यातल्या पारस इथं ९ एप्रिल २०२३ रोजी वादळी पावसात एक जुना लिंब मंदिराच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडवर कोसळला. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्या शेडखाली थांबले होते. सात माणसं गेली. मुंबईत मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं शेकडो झाडं आडवी केली. आपल्याकडे एप्रिल-मे-जूनमधल्या वादळांत केळीच्या बागा झोपतात, हे दर वर्षीचं आहे. त्या वाऱ्याला उभं राहायचं तर झाडाला त्याची मुळं लागतात. दोन तासांत तोडलेल्या मुळाचा परिणाम दोन-तीन वर्षांनीही दिसतो. तुटक्या टोकातून कूज आत शिरते, वर झाड हिरवंगार असतं, आणि कुणाला संशयही येत नाही.

मी हे सगळं सांगितल्यावर मुलगा म्हणाला, “मग आईनं पडत राहायचं का?” प्रश्न अगदी बरोबर होता. झाड वाचवा असं सांगणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढं जाऊ नये. मावशी हाताला प्लास्टर घालून ओट्यावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “पडले मी, झाड कुठं पडलंय?” त्यांच्या दोन्ही मुली आखाजीला माहेरी येतात, या लिंबाला झोका बांधतात, तेव्हा त्यांचं मत कुणीकडे होतं हे सांगायला नको.

उपाय असा केला. बुंध्याभोवतीचा कोबा हातानं, छिन्नी-हातोड्यानं फोडून काढला. पहार वापरू दिली नाही, कारण पहारीच्या एका घावात मुळाची साल सोलली जाते, आणि अशा जखमी जागेतून लिंबाला फूटही येते; मग अंगणभर लिंबाची पोरं उगवतात. किती जागा मोकळी करायची? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता, की झाडाभोवतीचं एक मीटरच्या आतलं सिमेंट काढून टाका. मीटर हे कमीत कमी समजावं. गुरुजींच्या अंगणात जागा होती, म्हणून आम्ही एक सुतळीभर, सहा फूट मोकळं केलं.

मोकळ्या केलेल्या जागेत माती ओतून मुळं झाकायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरावा. वीतभर नवी माती टाकली की खालच्या मुळांची हवा तुटते. झाड त्याच वर्षी मरत नाही, चार-पाच वर्षं झुरतं. चाळलेलं, कुजलेलं शेणखत आणि थोडी माती यांचा दोन बोटांचा थर पुरे. त्यावर तीन-चार बोटं पालापाचोळा पसरावा. लिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, ती जाळण्याऐवजी तिथंच पसरली की फुकटचं आच्छादन होतं. बुंध्याला मात्र ते टेकवायचं नाही, वीतभर जागा सोडायची. बुंधा ओला राहिला तर सालीला कूज लागते. पाचोळ्याखाली गांडुळं येतात, माती पोकळ होते. घट्ट झालेली काळी माती सुधारण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. मधल्या जागेत खुरप्यानं कोरफड, गवती चहा अशी लहान रोपं लावता येतात. हळद लावावी असं गुरुजींच्या मनात होतं. पण हळद काढायची म्हणजे दर वर्षी खणणं आलं, म्हणून ती वाफ्यात गेली.

राहिली वाट. ती आम्ही सरकवली. फाटकापासून ओट्याकडे सरळ जाणारी वाट थोडी वळवून त्या जाड मुळापासून दूर नेली. तरी एका ठिकाणी दुसरं, कमी जाडीचं मूळ आडवं येत होतं. तिथं मुळाच्या दोन्ही बाजूंना दगड बसवून त्यांवर जाड शहाबादी फरशी टेकवली. फरशी आणि मूळ यांच्यामध्ये तीन बोटांची जागा ठेवली. फरशा सिमेंटनं जोडल्या नाहीत, वाळूवर बसवल्या. पुढं मूळ वाढलंच तर फरशी उचलून पुन्हा बसवता येईल, आणि पावसाचं पाणीही सांध्यांतून आत जाईल. वाटेच्या कडेनं पांढऱ्या चुन्याची रेघ ओढली आणि ओट्यावर एक दिवा लावला. वयस्कर माणसं मुळापेक्षा अंधारामुळे जास्त पडतात. खर्च नव्या कोब्यापेक्षा कमी आला, वेळ मात्र जास्त लागला.

कुंपणाच्या भिंतीशी, बुंध्यापासून तेरा फुटांवर, एक बारीक मूळ पायाला टेकलं होतं. दोन सुतळ्यांच्या बाहेर असल्यानं ते कापायला हरकत नव्हती. अशा वेळी कुऱ्हाड नको. आजूबाजूची माती हातानं बाजूला करावी आणि धारदार करवतीनं सरळ काप घ्यावा. चिरफाळलेलं टोक कुजतं, स्वच्छ काप झाड स्वतःच बंद करतं. त्यावर डांबर किंवा रंग फासण्याची जुनी चाल आहे, तिचा उपयोग नाही. काप घेतल्यावर लगेच माती लोटावी. कापण्याचा काळ आपल्याकडे दसरा ते संक्रांत. तेव्हा वादळं संपलेली असतात, जमिनीत ओल असते, आणि मे महिन्याच्या आत नवी मुळं फुटायला झाडाला अवधी मिळतो. एकापेक्षा जास्त मुळं काढायची असतील तर दोन-तीन वर्षांत विभागून काढावीत.

कायद्याकडेही बघायला हवं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ पासून आहे. झाड माझ्या अंगणातलं, माझ्या बापानं लावलेलं, तरी पालिका हद्दीत ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि या कायद्यात तोडणं याचा अर्थ करवत चालवणं एवढाच नाही. जाळणं, किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हेही त्यात येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं. तेव्हा जाड मुळाला हात घालण्याआधी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करणं बरं. आमच्याकडे त्या बारीक मुळासाठीही गुरुजींनी अर्ज दिला होता. गुरुजीच ते, शुद्धलेखन तपासून दिला.

दोन आरोप मात्र मुळांवर उगाच होतात. पहिला भिंतीच्या भेगांचा. काळ्या मातीवर उथळ पाया घेतलेलं घर झाड नसलं तरी तडकतं. माती फुगते-आक्रसते त्याबरोबर पाया वरखाली होतो. जवळचं मोठं झाड माती जास्त सुकवतं आणि त्यात भर घालतं, हे नाकारता येत नाही; पण भेग पडली म्हणून आधी झाडाकडे बोट दाखवू नये, पाया किती खोल आहे ते पाहावं. दुसरा आरोप सांडपाण्याच्या पाइपाचा. मूळ धड पाइप फोडत नाही. जुन्या सिमेंटच्या पाइपाचा सांधा आधी गळतो, तिथं ओल होते, आणि ओलीच्या मागानं मूळ आत शिरतं. वर्षातून तीनदा चेंबर साफ करून मुळं ओढून काढण्यापेक्षा तेवढा तुकडा काढून पीव्हीसीचा, सांधे नीट चिकटवलेला पाइप टाकला की प्रश्न मिटतो.

पाराबद्दल एक गोष्ट. वडाला आणि पिंपळाला पार बांधलेला आपण गावोगाव पाहतो, म्हणून हौसेनं लिंबाला आणि गुलमोहरालाही पार बांधून आत माती भरतात. वडाची जात वेगळी. त्याच्या खोडाला, फांद्यांनाही मुळं फुटतात. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं कुजलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं. झाड आजही पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतं आहे. लिंबाला हे जमत नाही. त्याचा बुंधा पुरला तर तो गुदमरतो. शिवाय जुने पार बिनचुन्याच्या दगडांचे असत, फटींतून हवा-पाणी जाई. आजच्या टाइल्स लावलेल्या पारात तीही सोय नाही. बसायला ओटा हवाच असेल तर बुंध्यापासून दूर, चार दगडी खांबांवर फरशी टाकून बाक करावा.

ज्यांना अजून झाड लावायचं आहे, त्यांचं काम सोपं आहे. वड, पिंपळ, उंबर घरापासून लांब, मोकळ्या जागेत लावावेत. मूळचा मादागास्करचा गुलमोहर दिसतो सुंदर, पण त्याची मुळं फार वर असतात आणि वादळात तो लवकर पडतो. अंगणासाठी तो नकोच. लिंब लावायचा तर भिंतीपासून पंधरा-वीस फूट तरी सोडावेत. तेवढी जागा नसेल तर सीताफळ, पेरू, कढीपत्ता, पारिजातक ही लहान झाडं दहा फुटांतही सुखानं राहतात. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा, रोपाच्या पिशवीतली गोल फिरलेली मुळं लावताना सुटी करावीत, आणि अंगणात कोबा करायचाच असेल तर झाडाच्या वाट्याची जागा आधी सुतळीनं आखून मग गवंड्याला बोलवावं.